समुद्राकडे तोंड

बोर्ली पंचतनहून दिघीकडे निघालं की वाटेत एक हिरवं दुमजली घर लागतं. गेटवर संगमरवरी पाटी, पाटीवर सोनेरी अक्षरांत ‘नूर मंझिल’. हे घर हमीदभाईंनी बांधलं असं गाव म्हणतं, आणि ते अर्धंच खरं आहे. हमीदभाई जेद्दाला होते. तिथून ते फोनवर सूचना द्यायचे, आणि इथे उन्हात उभी राहून गवंड्यांच्या डोक्यावर बसायची ती त्यांची बायको, नूरबानू. हमीदभाई स्वतः हाडाचे गवंडी, पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि स्वतःच्या घराचा एक चिरा काही त्यांच्या हातून बसला नाही. आपल्या किनाऱ्यावर अशी घरं ढिगाने आहेत. नवरा वाळवंटात, बायको अंगणात आणि मधे फोन.

मिसरूड फुटलं तेव्हा हमीदभाई जेद्दाला गेले. परतले तेव्हा दाढी पांढरी झाली होती. मधल्या काळात दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर यायचे, येताना ब्लँकेटं आणि अत्तराच्या बाटल्या आणायचे, आणि घराची सवय होते न होते तोच बॅगा बांधायला घ्यायचे. बोलणं मुळातच कमी. त्यांच्या वाट्याचंही नूरबानू बोलायची.

ही बाई कशी होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. नूरबानू बोललेलं करणारी होती. एकदा माहेरी जेवणावरून भावाशी वाजलं, तर म्हणाली, तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. राग सगळ्यांनाच येतो, चार दिवसांनी उतरतोही. हिने तसं केलं नाही. भावाच्या मुलीच्या निकाहाला ती नटूनथटून गेली, सगळ्यांत पुढे बसली, गाणी म्हटली, आणि तहान लागली तेव्हा पिशवीतून घरून आणलेली पाण्याची बाटली काढली. भाऊ पुढे आजारी पडला तेव्हा महिनाभर उशाशी बसून तिनेच त्याचं केलं, पण बाटली काही सुटली नाही. हमीदभाई हा किस्सा जेद्दाला खोलीवर सांगायचे तेव्हा सगळी खोली हसायची.

ज्या वर्षी जगभर दारं बंद झाली त्या वर्षीची गोष्ट. रमजानच्या आत कायमचं घरी येईन असं हमीदभाईंनी कबूल केलं होतं. तिकीटही काढलं होतं. मग मुकादम म्हणाला, एवढा शेवटचा स्लॅब पडू दे, आणि हमीदभाईंना नाही म्हणणं जमलं नाही. त्यांनी तिकीट पुढे ढकललं आणि पुढच्याच आठवड्यात विमानं बंद झाली. नूरबानूने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या नेहमीच्या आवाजात, न चढता न उतरता, म्हणाली,

“व्हय, बसा तिकडंच. आता मी मेल्ये तरी तुमच्याकडं तोंड करायची न्हाय.”

हमीदभाई हसले. बरं बरं म्हणाले. खाली काँक्रीटची गाडी आली होती म्हणून फोन ठेवला.

रमजान सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. नूरबानू सकाळी विहिरीवरून आली, छातीत कळ आली म्हणाली, आणि दुपारची बांग व्हायच्या आत संपली. गाड्या बंद, रस्ते बंद. जावयाने आणि गावातल्या चार माणसांनी तिला दफन केलं. हमीदभाईंना फोन गेला तेव्हा ते परांचीवर होते. त्यांनी ऐकून घेतलं, फोन खिशात घातला, आणि खाली ओरडून सांगितलं की स्लॅबला पाणी मारायचं राहिलंय.

त्यानंतर हमीदभाईंच्या आत काहीतरी बंद पडलं ते पडलंच. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर जीभ कशी आपली असून आपली वाटत नाही, तसे ते स्वतःला वाटायचे. नूरबानू गेल्यावर महिन्याभरातच निसर्ग वादळ आलं. घरावरचे पत्रे गेले, मागच्या वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या. मुलीने, महनूरने, रडत रडत फोनवर सांगितलं. हमीदभाईंनी विचारलं की पत्र्याचे जे-हुक कुठल्या मापाचे होते.

विमानं सुरू झाल्यावर ते घरी आले. आणि आले ते कब्रस्तानात गेले नाहीत.

कब्रस्तान काही लांब नाही. घरामागची वाडी ओलांडली की पडका दगडी गडगा लागतो, गडग्यापलीकडे कबरी. मागच्या ओटीवरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. जुम्म्याची नमाज झाली की पुरुष माणसं आपापल्या लोकांसाठी फातिहा पढायला तिकडे वळतात. हमीदभाई मशिदीच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे. ईदला सगळं गाव गेलं, हे गेले नाहीत. शब-ए-बरातला कबरींवर दिवे लागले तेव्हा त्यांनी मागच्या खिडक्या लावून घेतल्या. माणूस तिकडे राहून कोरडा झाला, असं लोक म्हणू लागले. लोकांचं काय, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी किती आलं हे बघायला ते टपलेलेच असतात.

खरी गोष्ट एवढीच होती की हमीदभाई घाबरले होते. नूरबानू बोललेलं करते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मेल्ये तरी तोंड करणार नाही म्हणाली आणि मेली. आता त्या मातीपुढे जाऊन उभं राहायचं आणि तिने पाठ फिरवलेली असायची. हे काही त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते? ऐकणारा म्हणाला असता, अहो, मेलेलं माणूस कुठे तोंड फिरवतं. हमीदभाईंनाही ते कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

महनूर बोर्लीला दिली होती. ती दर रविवारी यायची, घर झाडायची, आठवड्याचं कालवण करून फ्रीजमध्ये ठेवायची, आणि जाताना एकच विचारायची, अब्बा, अम्मीकडं जाऊन आलात? हमीदभाई म्हणायचे, जाऊ. कधी, ते नाही सांगायचे.

दिवस काढायला त्यांनी एक खेळ शोधला होता. सकाळी दिघीच्या जेट्टीवर जायचं, आगरदांड्याच्या फेरीबोटीत बसायचं, पलीकडे पोचल्यावर उतरायचं नाही, त्याच बोटीने परत यायचं. चांगदेव पाटील म्हणून पेणकडचा एक आगरी ट्रकवाला आहे, घरांचं सामान घेऊन त्याची गाडी नेहमी या बोटीत असते. नूर मंझिलचं सिमेंटही त्यानेच आणलेलं. तो एकदोनदा गंमतीत म्हणाला, हमीदभाई, बोटीवर नोकरीला लागलात की काय. एक दिवस मात्र त्याने गंमत केली नाही. भाभींच्या कबरीला संगमरवर लागणार असेल तर सांगा, मी आणून टाकतो, भाड्याचं काही बोलू नका, असं तो म्हणाला. हमीदभाई आगरदांडा आल्यावर पहिल्यांदाच बोटीतून उतरून गेले. चांगदेवला वाटलं, आपलं काही चुकलं.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग रय्यान आला.

रय्यानचा पणजोबा याच गावचा. जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि दक्षिण आफ्रिकेत उतरून तिकडचाच झाला. तिथल्या कोकणी मंडळींची एक संस्था आहे, ती मोझांबिकच्या किनाऱ्यावर वादळात घरं गेलेल्यांना घरं बांधून देते. रय्यान त्याच कामातला. पणजोबाचं गाव बघायला आला होता. जुम्म्यानंतर मशिदीच्या आवारात तो मोडक्यातोडक्या कोकणीत बोलला. जगभरातून पोरंपोरी फुकट काम करायला येतात, म्हणाला, मन लावून करतात, पण भिंत उभी करणारं माणूस हातात नाही. घरांबरोबर मुलांची शाळाही चालवतो, वादळात त्यांची शाळा गेलीय. कोणी गवंडी येईल का? आपल्याकडे असल्या वेळी सगळे एकमेकांकडे बघतात. हमीदभाईंनी हात वर केला.

गावाने तोंडात बोटं घातली. ज्याला वाडीमागे जाववत नाही तो आफ्रिकेला निघाला! काहींनी वाहवा केली, सवाबाचं, पुण्याचं काम आहे म्हणून. महनूरला काय ते बरोबर कळलं. बॅग तिनेच भरली. शर्टांच्या घड्यांवर तिने अम्मीचा मुसल्ला ठेवला, नमाजाला अंथरायचा तो जुना, गुडघ्यांच्या जागी विरलेला. चेन लावता लावता म्हणाली,

“आफ्रिकेला जाताव, अब्बा. अम्मी वाडीच्या मागं हाय.”

“आल्यावर जाऊ,” हमीदभाई म्हणाले.

मोझांबिकचं ते गाव बघून हमीदभाईंना परदेशी आल्यासारखं वाटलंच नाही. तांबडी माती, माड, काजूची झाडं, आणि झाडांपलीकडे समुद्राचा आवाज. दुकानात पाव मागितला तर पाव मिळाला. बटाट्याला तिथे बटाटाच म्हणतात, बालदीला बालदी, किल्लीला चावीच्या जवळपासचं काहीतरी. पोर्तुगीज दोन्हीकडे येऊन गेल्याची ही खूण. गवंड्याला ती माणसं ‘मेस्त्री’ म्हणून हाक मारत, आणि हमीदभाई ओ देत. दुभाष्या नसला तरी त्यांचं काम अडायचं नाही. सगळंच घरच्यासारखं असल्यावर माणूस विचारायचंही सोडतो, आणि इथेच घोटाळा झाला.

पहिल्या दिवशी नमाजाची वेळ झाली तेव्हा हमीदभाईंनी नूरबानूचा मुसल्ला समुद्राकडे तोंड करून अंथरला. आपल्या किनाऱ्यावर लहान पोरालाही हे शिकवावं लागत नाही. किब्ला म्हणजे दर्या. मक्का समुद्रापलीकडे, मावळतीला. जेद्दाला गेल्यावर दिशा फिरली होती, कारण जेद्दा मक्केच्याही पलीकडे, पश्चिमेला. तिथे उगवतीकडे तोंड करून उभं राहायचं. आता मोझांबिकला झालं असं की समुद्र आणि उगवती एकाच बाजूला. गावची सवय म्हणाली समुद्राकडे, जेद्दाची सवय म्हणाली पूर्वेकडे, दोघींचं एकमत झालं, आणि दोघी चुकल्या. मक्का तिथून सरळ उत्तरेला आहे. तिथल्या मशिदीचं छप्पर वादळाने नेलं होतं, जुम्म्याला रय्यानबरोबर सामानाच्या ट्रकच्या हौद्यात बसून दुसऱ्या गावी जायचं, चार वळणं घेऊन आत शिरल्यावर दिशा कोण बघतो. कामावर तर हमीदभाई एकटेच एका कोपऱ्यात नमाज पढायचे. कोणाशी मिसळायची त्यांना इच्छाच नव्हती.

कामं मात्र झपाट्याने झाली. गोऱ्या पोरांनी आणि पोरींनी उन्हात भाजून निघत विटा वाहिल्या. ती पंधरा दिवसांसाठी येत, गावातल्या मुलांना कडेवर घेत, आणि जाताना गळ्यात पडून रडत. हमीदभाई त्यांच्याकडे नवलाने बघायचे. एवढं पटकन कसं रडता येतं यांना, असं त्यांना वाटायचं. हेवाही वाटायचा, पण तोही जसा काही शेजारच्या खोलीत चालल्यासारखा.

दुपारनंतर काजूच्या झाडाखाली मुलांची शाळा भरायची. रय्यानने गळ घातली म्हणून एकदा हमीदभाईंनाही काही शिकवायला बसवलं. त्यांनी प्रत्येकाला एक सुतळी आणि एक दगड दिला आणि ओळंबा कसा धरायचा ते दाखवलं. मग काय विचारता, गावातलं एक झाड, एक खांब, एक शेळी बांधायची खुंटी त्या पोरांनी सोडली नाही. सगळं गाव वाकडं आहे असा निकाल लागला. मोठी माणसं पोट धरून हसली. हमीदभाईंच्याही लक्षात आलं की हे हसण्यासारखं आहे.

प्रत्येक घरामागे एक संडास बांधायचा होता. त्याची चुन्याची रेघ हमीदभाई स्वतः मारायचे, कारण त्यात एक गोष्ट सांभाळावी लागते. संडासात बसलेल्याचं तोंड किंवा पाठ किब्ल्याकडे येता कामा नये. गाव सगळं मुसलमान. हमीदभाईंनी दर ठिकाणी समुद्र बाजूला येईल अशी भांडी बसवली, तोंड उत्तरेला. हात आपोआप चालत होते.

लोक घरांत राहायला गेले. महिनाभराने फेरी मारली तर संडासांत कोंबड्या. एकात सरपण, एकात माशांच्या टोपल्या. वापरलेला एकही नाही. स्वयंसेवकांची तातडीची बैठक झाली. या लोकांना समजावलं पाहिजे असं ठरलं. एका मुलीने स्वच्छतेवर गाणं रचलं, चित्रं काढली. काजूखाली मुलांनी ते गाणं टाळ्या वाजवत म्हटलं आणि सुटी झाल्यावर सगळी नेहमीप्रमाणे झुडपांकडे गेली. मुलांना पुन्हा बसवून दरडावलं गेलं. हमीदभाई मनात म्हणाले, अडाणी माणसं, चांगलं दिलेलं कळत नाही.

पहिलं घर आमिनाचं होतं. आमिना म्हणजे दोन नातवंडांना घेऊन राहणारी विधवा, वयाने हमीदभाईंच्याच बरोबरीची. भांडं तुंबलंय की काय ते बघायला हमीदभाई तिच्याकडे गेले. कोंबड्या हाकलून पाणी ओतून पाहिलं, पाणी गेलं. तोवर असरच्या नमाजाची वेळ झाली. त्यांनी तिच्याच अंगणात हातपाय धुतले आणि मुसल्ला अंथरला, समुद्राकडे.

आमिना दारातून बघत होती. तिच्याबद्दल आणि गावाबद्दल पुढे रय्यानकडून कळलं ते असं, की हा इंडियाचा मेस्त्री समुद्राला पुजणारा आहे आणि जुम्म्याला ट्रकमधून जातो तो सामान आणायला, अशी सगळ्यांची खात्री झाली होती. पाहुणा माणूस, आपल्यासाठी राबतो, त्याच्या धर्माबद्दल कसं विचारायचं? आणि त्याने संडास असे का बसवले हेही त्याला कसं विचारायचं? म्हणून सगळे मूग गिळून बसले आणि कोंबड्या आत ठेवल्या. पण त्या दिवशी आमिनाने हमीदभाईंना पहिल्यांदा जवळून पाहिलं. शेवटी त्यांनी उजव्या आणि मग डाव्या खांद्याकडे वळून सलाम फेरला तेव्हा ती चमकली, हा तर आपल्यासारखीच नमाज पढतो. ती पुढे आली.

“किब्ला?” तिने विचारलं.

एवढा एक शब्द दोघांचा होता. हमीदभाईंनी समुद्राकडे हात केला. आमिनाने मान हलवली. मग ती वाकली, मुसल्ला उचलला, झटकला, आणि वळवून पुन्हा अंथरला. समुद्र उजव्या हाताला गेला. हमीदभाईंनी मुसल्ल्याच्या टोकाच्या रेषेत समोर पाहिलं, तर समोर तिचा संडास, त्याचं दार उघडं आणि दारात एक कोंबडी.

म्हणजे त्यांनी भांड्याचं तोंड नेमकं किब्ल्याकडेच बसवलं होतं. आमिनाला हसू आलं. तिने पदराने तोंड झाकलं, पण हसू काही थांबेना.

रय्यानने फोनवर दिशा काढून पाहिली. आमिनाचं बरोबर होतं. हमीदभाई म्हणाले, सगळी भांडी काढून फिरवतो. रय्यानने वेळेची अडचण सांगितली, पुढची घरं राहतील म्हणाला. राहू देत, असं हमीदभाईंनी सांगितलं आणि पहार उचलली. ते गाणं रचणारी मुलगी सगळं ऐकून स्वतःही घमेलं घेऊन आली. फिरवलेल्या पहिल्या संडासाला पोरांनी सुतळ्या लावून ओळंबे धरले आणि पास केलं.

नमाजांचं काय, हा प्रश्न होता. शेजारगावच्या इमामाने सांगितलं की न कळत झालेली चूक माफ आहे, नियत पोचते. हमीदभाईंना तेवढ्याने बरं वाटलं नाही. रोज पाच वेळा त्यांनी नूरबानूसाठी हात पसरले होते. मनात काही वाटत नव्हतं तरी पसरले होते, कारण तेवढं एकच त्यांना करता येत होतं. ते सगळं भलत्याच दिशेला गेलं असं त्यांना वाटत राहिलं. तिच्याकडे आपलं तोंडच होत नाही, इथेही नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी काजूखाली मुलांनी रय्यानमार्फत विचारलं, मेस्त्री चुकला कसा? प्रश्न रास्त होता. हमीदभाईंनी वाळू सारखी केली आणि मधोमध एक शंख ठेवला. ही मक्का. खाली बरंच लांब एक काजूबी ठेवली, हे तुमचं गाव, तुम्ही असं वर बघता. मग शंखाच्या उजवीकडे लांब एक शिंपला ठेवला. हे माझं गाव. मधे सगळा समुद्र. आणि शंखाच्या डावीकडे, अगदी लागून, एक खडा. इथे मी काम करायचो, जेद्दा.

मुलांनी विचारलं, तुमच्या गावची माणसं कुठे बघतात? हमीदभाईंनी बोटाने शिंपल्यापासून रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ समुद्रातून सरळ गेली, शंखाला लागली. बोट थांबलं नाही, ते शंखाला वळसा घालून पुढे गेलं आणि खड्यावर जाऊन टेकलं. तिथे थांबलं.

एका मुलीने शिंपल्यावर बोट ठेवून विचारलं, इथे कोण आहे? रय्यानने कोकणीत सांगायची गरजच पडली नाही.

“माझी बायको,” हमीदभाई म्हणाले.

आणि खड्यावर कोण?

“मी.”

बोट अजून खड्यावरच होतं. तरुणपणी गावात मय्यत झाली की कुदळ घेऊन जाणाऱ्यांत हमीद पहिला असायचा. कबर कशी खोदतात ते त्यांना काय कोणी शिकवायचं होतं? उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय, मय्यत उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे. तोंड समुद्राकडे. आपल्या गावच्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं तोंड समुद्राकडे असतं. नूरबानूलाही तसंच ठेवलं असणार, दुसरी रीतच नाही. ज्या दुपारी तिला ठेवलं त्या दुपारी त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला, परांचीवर, कोण उभं होतं?

मुलं उठून गेली तरी हमीदभाई तिथेच होते. रय्यानला वाटलं, ऊन लागलं. त्याने आणून दिलेलं पाणी ते प्यायले.

मोझांबिकचं काम आटोपून घरी आले ती दुपारची वेळ होती. महनूर आलेली होती, तिने चहा टाकला होता. हमीदभाईंनी बॅग ओटीवर ठेवली आणि चपला न काढता मागच्या दाराने वाडीत उतरले. गळून पडलेली सुपारी पायात आली, तिला चुकवून पुढे गेले. महनूर धावत मागोमाग आली आणि गडग्याशी थांबली. बायका आत जात नाहीत.

कबर कुठली ते त्यांना विचारावं लागलं नाही. चार चिरे लावलेले होते आणि वर कोणीतरी तगरीचं रोप लावलं होतं, ते चांगलं वाढलं होतं. महनूरला वाटलं, अब्बा पायथ्याशी उभे राहतील. ते तिथे थांबले नाहीत. वळसा घालून पलीकडे गेले, समुद्राच्या बाजूला, आणि समुद्राकडे पाठ करून चिऱ्याजवळ खाली बसले. वाऱ्याने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

तगरीखालचा पाचोळा त्यांनी हाताने बाजूला केला. मग म्हणाले, आणि गडग्यापर्यंत ऐकू आलं इतक्या साध्या आवाजात म्हणाले,

“बोललीस तसं केलं न्हायस, नूर.”

आणि मग हमीदभाई रडायला लागले, गुडघ्यांत डोकं घालून, मोठ्याने, गावातली माणसं रडतात तसे. महनूर घरात परत गेली आणि उकळून गेलेला चहा ओतून दुसरा ठेवला.